पुढच्या एकट्या दाताची कॅप 'चिकटवल्यासारखी' का दिसते: लॅबमध्ये बसणाऱ्या माणसाचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. आठवीत सायकलवरून पडून वरचा डावा पटाशीचा दात तुटला, रूट कॅनल झालं, दात हळूहळू राखाडी पडला. आधी मेटल सिरॅमिकची कॅप बसवली, तिची हिरडीजवळ काळपट रेघ दिसायला लागली म्हणून गेल्या वर्षी झिरकोनियाची, म्हणजे धातू नसलेल्या पांढऱ्या मजबूत सिरॅमिकची करून घेतली, तर ती आता फ्रिजच्या दारासारखी पांढरी दिसते. डिसेंबरात लग्न. एक डॉक्टर म्हणतात झिरकोनियाच बेस्ट, मैत्रीण म्हणते ई-मॅक्स (जास्त पारदर्शक सिरॅमिक) कर, आणि तुम्ही विचारताय की नॅचरल नक्की कशाने दिसतं आणि त्यासाठी मडगावहून मुंबईला जावं का.

आधी माझं सांगतो. मी डॉक्टर नाही. म्हापशात माझी छोटी डेंटल लॅब आहे, २२ वर्षं झाली पोर्सिलेनच्या पावडरी आणि ब्रश घेऊन त्याच टेबलावर बसतोय. तोंडात काय करायचं ते तुमचे डॉक्टरच ठरवणार, मी सांगणार ते दात बनवणाऱ्याच्या बाजूने.

मटेरियलवर येतो, पण मला तुमचा खरा प्रॉब्लेम तो वाटत नाही. दोन्ही वेळी ज्याने तुमचा दात बनवला त्याने शेजारचा दात बघितलेलाच नसणार, हे मी पैज लावून सांगतो. आमच्याकडे माप येतं, बरोबर एक स्लिप येते, आणि स्लिपवर काय तर '२१, ए२, अर्जंट'. २१ म्हणजे वरचा डावा पुढचा दात, ए२ म्हणजे शेड, अर्जंटचा अर्थ तुम्हाला माहीतच आहे. आता चवथीला नेसायची साडी कुणी फोनवर 'निळी पाठव' सांगून मागवतं का? आणि एकटा पुढचा दात हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. सहाच्या सहा पुढचे दात करायचे असले तर सोपं जातं, कारण ते एकमेकांशी जुळले की झालं, पण एकट्याला शेजारी बसलेल्या देवाने बनवलेल्या दाताशी स्पर्धा करायची असते, आणि ती दिवसभर, प्रत्येक उजेडात.

आता रंगाचं. लोकांना वाटतं रंग म्हणजे दात पिवळा की पांढरा. पण डोळ्याला सगळ्यात आधी खटकतो तो उजळपणा. एक करून बघा, खिडकीजवळ उभं राहून दातांचा फोटो काढा आणि फोनमध्ये तो ब्लॅक अँड व्हाइट करा. कॅप शेजारच्या दातापेक्षा पांढरी दिसली तर चूक उजळपणाची आहे, पिवळेपणाची नाही. तुमच्या वर्णनावरून तरी तसंच वाटतंय. आमच्याकडे सर्रास वापरतात ती शेड गाइड, म्हणजे दातांच्या रंगांच्या नमुन्यांची पट्टी, व्हिटा या जर्मन कंपनीची, मूळची १९५६ ची, १६ नमुन्यांची. ए म्हणजे तांबूस-तपकिरी छटा, बी तांबूस-पिवळी, सी राखाडी, डी तांबूस-राखाडी. बहुतेक क्लिनिकांत ती ए१, ए२, ए३ अशी अक्षराप्रमाणे लावलेली असते, त्यामुळे ए२ जुळत नाही म्हटलं की हात आपोआप ए३ वर जातो. तीच पट्टी उजळपणाच्या क्रमाने लावली तर बी१ पहिला येतो, मग ए१, बी२, डी२, ए२, सी१ असं करत करत सी४ सगळ्यात शेवटी. म्हणजे ए२ च्या अलीकडे पलीकडे डी२ आणि सी१ बसलेत हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही. याच कंपनीने १९९८ मध्ये थ्रीडी-मास्टर नावाची दुसरी गाइड काढली, तिच्यात आधी उजळपणा ठरवायचा, मग रंगाची तीव्रता, आणि छटा सगळ्यात शेवटी. माझा अनुभव सांगतो, उजळपणा बरोबर बसला आणि छटा अर्धी पायरी चुकली तर सासूबाईंनाही कळत नाही, पण उजळपणा चुकला तर मागच्या रांगेतल्या पाहुण्याला कळतं.

शेड कधी बघायची हे त्याहून महत्त्वाचं. यात माझीच एक चूक सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी फोंड्याला एका क्लिनिकमध्ये मी स्वतः शेड घ्यायला गेलो, मोठ्या उत्साहात, पण पोचेपर्यंत डॉक्टरांचं काम निम्मं झालेलं, पेशंटचं तोंड पाऊण तास उघडं, कापूस लावलेला. मी शेड घेतली बी१, दात अगदी मन लावून बनवला, ट्रायलच्या दिवशीही पेशंट बराच वेळ तोंड उघडून बसलेला त्यामुळे तंतोतंत जुळला, सगळे खूश. आठ दिवसांनी फोन. 'शेजारचा दात पिवळा पडला काय हो?' पिवळा कुठला पडतोय, तो परत ओला झाला होता. दात थुंकीशिवाय राहिला की काही मिनिटांतच सुकायला लागतो आणि पांढरा, खडूसारखा दिसतो, मूळ रंगावर यायला कधीकधी एक दिवससुद्धा लागतो. तो दात मी माझ्या खर्चाने परत केला. तेव्हापासून नियम, खुर्चीत बसल्या बसल्या, इंजेक्शनच्याही आधी, पहिलं काम शेड.

उजेडाचं गोव्यात वेगळंच प्रकरण आहे. जून-जुलैत चार वाजता आभाळ भरून येतं, क्लिनिकमधली ट्यूब पिवळट, खुर्चीचा दिवा भगभगीत, आणि भिंती आपल्याकडे निळ्या नाहीतर पिवळ्याधमक रंगवायची हौस. या सगळ्याचा रंग दातावर पडतो. त्यामुळे शेड शक्यतो दुपारच्या आसपास, खिडकीतल्या उजेडात, ऊन थेट अंगावर येणार नाही अशा जागी, नाहीतर ५५०० ते ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा दिवा असला तर त्यात, आणि खुर्चीचा दिवा बंद. लिपस्टिक पुसायची, भडक कपडे असले तर वर राखाडी नॅपकिन टाकायचं. आणि एकटक बघत बसायचं नाही, पाचसात सेकंद बघायचं आणि नजर राखाडी कार्डावर न्यायची, कारण डोळा थकला की तो सगळंच मान्य करतो.

एका उजेडात जुळलेला दात दुसऱ्या उजेडात जुळेलच असं नाही, हे मला एका नाटकवाल्याने शिकवलं. आपल्याकडे कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेच्या दिवसांत गावागावात तालमी चालू असतात, त्यातलाच एक, पेडण्याचा. दात दिवसा सुरेख, आणि स्टेजवर निळा लाइट पडला की पहिल्या रांगेतल्याला वाटायचं दातच नाही, तिथे भोक आहे. कारण खरा दात अतिनील उजेडात स्वतः निळसर पांढरा चमकतो आणि मी वापरलेल्या पोर्सिलेनमध्ये तो गुण फारच कमी होता. कळंगुट-बागाच्या पबात असल्या कॅप काळ्या दिसतात ते यामुळेच. पूर्वी ही चमक आणायला पोर्सिलेनमध्ये चिमूटभर युरेनियम घालायचे, खोटं नाही सांगत, ते कधीच बंद झालं, आता दुसरी द्रव्यं वापरतात. हे सांगायचं कारण तुमचं लग्न. स्टेजवर एलईडी, व्हिडिओवाल्याचा दिवा, फोटोवाल्याचा फ्लॅश सगळं एकदम असणार, तेव्हा लॅबला ही एक गोष्ट स्पष्ट विचारा की पोर्सिलेन फ्लोरोसंट आहे ना.

आता मटेरियल. यात बरंच काही तुमच्या कॅपखाली काय आहे त्यावर आहे, आणि ते मला माहीत नाही. आत धातूची पोस्ट, म्हणजे मुळात बसवलेली खुंटी, आहे का? उरलेला दात किती गडद आहे? जागा किती आहे? सिरॅमिक म्हणजे काचेच्या जवळची वस्तू, मागे जे असेल ते कमीजास्त दिसणारच. ई-मॅक्स, म्हणजे लिथियम डायसिलिकेट, त्यातून उजेड छान आरपार जातो म्हणून ते जिवंत दिसतं, पण मागे राखाडी ठोकळा असेल तर तो राखाडीपणाही तितक्याच छानपणे बाहेर येतो. मग वर कितीही उजळ शेड घेतली तरी दात मेलेला दिसतो. झिरकोनिया हे झाकतं, पण जुन्या पद्धतीचं मजबूत झिरकोनिया इतकं झाकतं की उजेड आत शिरतच नाही, वरच्या वर परत येतो, आणि तुमचं ते फ्रिजचं दार तयार होतं. ताकद (ती मेगापास्कलमध्ये मोजतात) बघितली तर ते जुनं झिरकोनिया १००० मेगापास्कलच्या वर, नवीन पारदर्शक झिरकोनिया त्याच्या साधारण निम्म्या-पाऊण, ई-मॅक्स ४०० च्या आसपास, आणि नुसतं वरून चढवायचं पोर्सिलेन १०० च्या आसपास. पुढच्या दाताला एवढ्या ताकदीची गरजच पडत नाही, रात्री दात खात असाल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे 'झिरकोनिया बेस्ट' हे दाढेबद्दल बोलताना बरोबर आहे, पुढच्या दाताबद्दल नुसतं तेवढं वाक्य अर्धवट आहे.

तुमच्या जागी मी काय मागितलं असतं ते सांगतो. पहिलं, जुनी कॅप काढल्यावर डॉक्टरांनी आतल्या दाताचा रंग बघून आम्हाला कळवावा, त्यासाठी वेगळी गाइड मिळते, आणि तिच्यासकट फोटो काढावा. दुसरं, आत पोस्ट नसेल आणि रूट कॅनल चांगलं असेल तर आतून ब्लीचिंग करून दात उजळता येतो का हे विचारा. ते झालं तर निम्मं काम तिथेच झालं, फक्त त्यानंतर कॅप चिकटवण्याआधी साधारण दोन आठवडे थांबावं लागतं, नाहीतर सिमेंट नीट धरत नाही आणि रंगही स्थिर झालेला नसतो. तिसरं, दात गडदच राहिला तर आतला पातळ थर झाकणारा घ्यायचा, झिरकोनियाचा किंवा ई-मॅक्सच्याच कमी पारदर्शक प्रकाराचा, आणि त्यावर पुढून पोर्सिलेन हाताने चढवायचं. याला जागा लागते, पुढच्या बाजूने दीड मिलिमीटरच्या आसपास. जागा न देता दात नॅचरल मागितला तर आमच्यापुढे दोनच रस्ते उरतात, एकतर दात जाड करायचा नाहीतर पांढरा फटक. तुमचा आत्ताचा दात ओठाला पुढे लागतो असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून मला जागेचाही संशय येतोय.

एक गंमत सांगतो, रंग उत्तम जुळलेला दात खोटा वाटू शकतो, आणि रंग थोडा चुकलेला दात खरा. फरक असतो आकाराचा आणि पृष्ठभागाचा. दाताच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडे उभी वळणं असतात, जिथे सपाट भाग संपून दात आत वळतो, आम्ही मॉडेलवर, म्हणजे मापावरून केलेल्या दातांच्या साच्यावर, ती पेन्सिलने आखतो. डोळा दाताची रुंदी मोजतो ती या दोन रेघांमधली. शेजारच्या दाताच्या रेघा आणि माझ्या रेघा एका अंतरावर आल्या की माझा दात प्रत्यक्षात थोडा रुंद असला तरी कुणाला कळत नाही. मग त्यावरचे बारीक आडवे चरे, उभे हलके खळगे. तरुण दातावर हे ठळक असतात, वय वाढलं की झिजून गुळगुळीत होतात. तुमचं वय २८, म्हणजे ते असणारच. मी मॉडेलवर चंदेरी पावडर हलकेच चोळतो आणि दिवा तिरका धरतो, मग चरे असे उठून दिसतात जणू ओल्या वाळूवर लाटेच्या खुणा. तेच मग हत्याराच्या बारीक डायमंडच्या टोकाने कॅपवर उतरवायचे. आणि इतकं करून शेवटी ग्लेझचा, म्हणजे वरच्या काचेसारख्या चकचकीत थराचा, जाड हात मारला की सगळं बुजलं, दात बाथरूमच्या टाइलसारखा चकाकला. म्हणून मी ग्लेझ पातळ ठेवतो आणि चकाकी रबर आणि पॉलिशिंग पेस्टने हाताने आणतो, जिथे शेजारचा चकाकतो तिथेच.

दाताची खालची कड हा तर वेगळाच विषय. आरशात तुमच्या खऱ्या दाताची कड बघा, अगदी टोकाला एक पांढुरकी बारीक किनार, तिच्यावर निळसर पारदर्शक पट्टा, आणि त्यात वरून बोटांसारखे दोन-तीन फिकट उंचवटे उतरताना दिसतील. तोंडात मागून उजेड आला तर तोच निळसर भाग नारिंगी दिसतो. हे एका पावडरीने होत नाही. आधी दाताच्या आतल्या रंगाची पावडर ओली करून पूर्ण दात उभा करायचा, मग टोकाकडून कापून मागे घ्यायची, ती बोटं काढायची, त्यांच्या मधे निळसर, वर दुधी, बाजूंना पारदर्शक, आणि सगळं मिळून दात साधारण पाचव्या हिश्श्याने मोठा ठेवायचा, कारण भट्टीत तो तेवढा आटतो. ब्रशमधलं पाणी जास्त झालं की रंग एकमेकांत वाहतात, कमी झालं की आत हवा राहते आणि भाजल्यावर ढग दिसतात. हे सगळं करताना समोर तुमच्या दाताचा मोठा फोटो नसेल तर मी जे बनवतो तो कुणाचातरी चांगला दात असतो, तुमचा नाही.

म्हणून फोटो. डॉक्टरांना सांगा, नाहीतर हे त्यांना वाचायला द्या, रागावणार नाहीत. ओठ मागे ओढून समोरून एक, दोन्ही बाजूंनी तिरके, आणि शेडचा नमुना दाताच्या कडेला कड लावून, दाताच्या रेषेतच धरून एक, नमुना पुढे आला की तो उजळ दिसतो. नमुन्यावरचं अक्षर फोटोत आलं पाहिजे. एक नमुना जुळतोय असं वाटलं तरी त्याच्या अलीकडचा पलीकडचा पण धरून फोटो काढा. मोबाइलने काढत असाल तर तोंडात घुसवू नका, मधले दात फुगलेले येतात, मागे राहून झूम करा. आणि एक फोटो साधा, हसतानाचा, खिडकीत.

हिरडीबद्दल थोडक्यात. ब्रश केल्यावर त्या दाताजवळ रक्त येत असेल तर माप घेऊ देऊ नका, आधी हिरडी बरी होऊ दे, सुजलेल्या हिरडीवर घेतलेलं माप बरं झाल्यावर उघडं पडतं आणि कड दिसते. दोन दातांमधली हिरडीची टोकं राहतील की तिथे काळा त्रिकोण पडेल हे बरंचसं आतल्या हाडावर असतं, दात जिथे एकमेकांना चिकटतात तिथून हाडापर्यंत ५ मिलिमीटर किंवा कमी अंतर असेल तर टोक बहुधा भरून येतं, त्याहून जास्त झालं की शक्यता झपाट्याने घटते.

मुंबईला जाऊ का? गेलात तर चांगलंच काम होईल, तिथे उत्तम लोक आहेत, पण ट्रायलसाठी तीनदा जाणार आहात का? हे काम एका खेपेत होत नाही. मडगावहून म्हापसा तासाभराचा रस्ता, आणि गोव्यातल्या कुठल्याही बऱ्या लॅबवाल्याला डॉक्टरांनी विचारलं तर तो पेशंटला समोर बसवून शेड घ्यायला आनंदाने तयार होतो, आम्हाला कोण बोलावतच नाही ही आमची तक्रार. दुसरं मत हवं असेल तर बांबोळीला गोवा डेंटल कॉलेजात कृत्रिम दातांचा विभाग आहे, तिथे दाखवा. मटेरियल कुठलं असं विचारण्याऐवजी डॉक्टरांना विचारा, लॅबवाला मला बघणार का, आणि बिस्क ट्रायल होणार का. बिस्क म्हणजे भाजलेला पण शेवटची चकाकी न दिलेला दात, त्यात अजून बदल करता येतो.

ट्रायलच्या दिवशी घाई करू नका. कॅप आत पाणी किंवा ट्राय-इन पेस्ट (ट्रायलपुरती, न चिकटणारी पेस्ट) घालून बसवतात, कोरडी बसवली तर मधल्या हवेमुळे रंग वेगळाच दिसतो. तोंड बंद करा, दात ओले होऊ देत, दहा मिनिटं गप्पा मारा, मग बाहेर व्हरांड्यात जाऊन आरसा हातभर लांब धरून बघा. हातात आरसा नाकाजवळ धरून बघणाऱ्याला देवाचा दातसुद्धा पसंत पडायचा नाही. आईला नाहीतर बहिणीला बरोबर न्या, ती तुम्हाला बोलताना बघेल. पसंत नसेल तर तिथेच सांगा, चिकटवल्यावर आमच्या हातात काही राहत नाही. मीही शंभर टक्के जुळवून देतो असं म्हणणार नाही, बोलण्याच्या अंतरावरून कळू नये एवढंच मी कबूल करतो, आणि कधीकधी तेवढ्यासाठीही दोनदा भट्टीत घालावं लागतं.

वेळेचा हिशोब बघा. चवथ झाली की लगेच सुरुवात करा. जुनी कॅप काढून टेम्पररी बसवणं, ब्लीचिंग झालंच तर दोन आठवडे, हिरडीला वेळ, माप, लॅबचे आठ-दहा दिवस, ट्रायल, दुरुस्ती, सहा ते आठ आठवडे सहज जातात. बाकीचे दात उजळून घ्यायचा विचार असेल, लग्न आहे म्हणून विचारतो, तर ते सगळ्यात आधी, कारण कॅपचा रंग नंतर ब्लीचने बदलत नाही आणि मग तुमचीच कॅप पिवळी दिसायला लागेल. टेम्पररीवर हळदीचा डाग फार पटकन बसतो, हुमण खाऊन दुसऱ्या दिवशी केशरी दात घेऊन आलेले पेशंट मला डॉक्टरांनी फोटोतून दाखवलेत, तेव्हा त्या दिवसांत जरा जपून, आणि घाबरू नका, पक्क्या सिरॅमिकवर तो डाग बसत नाही.

आणि सायकलवरून पडायच्या आधीचा, हसतानाचा एखादा शाळेतला फोटो घरी असेल तर शोधून ठेवा. पुढच्या दोन दातांच्या मधे तेव्हा बारीक फट होती का, डावा दात उजव्यावर किंचित चढलेला होता का, हे त्यात दिसेल. दोन्ही कॅप करताना ते कुणी विचारलं नसेल, तर लॅबवाल्याला पहिला तोच फोटो दाखवा.